बाटली आडवी झाल्यावर

गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की नाही, यावर बायका मत देतात तेव्हा मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहू द्या, आडवीवर मारला तर बंद करा. वाचता न येणाऱ्या आजीलाही क्षणात कळेल असं हे मतदान आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या-अंगठ्यांचा अर्ज द्यायचा. प्रशासन यादी समोर ठेवून एकेक सही पडताळतं, आणि मग तारीख ठरते. इथवर सगळं सरळ आहे. गोम पुढे आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत महिला मतदारांची जेवढी नावं आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात.

हिशोब मांडून पाहू. समजा गावच्या यादीत १४०० बायका आहेत. म्हणजे ७०१ मतं हवीत. मतदान लागलं जानेवारीत. बीड, धारूर, वडवणी, पाटोदा या पट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिललाच परततात. ३५० बायका नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेलेल्या, कुणी सांगली-कोल्हापूरकडे तर कुणी थेट कर्नाटकात. शंभर नावं सासरी गेलेल्या लेकींची आणि वारलेल्यांची, जी वर्षानुवर्षं कुणी काढलेली नाहीत. उरल्या ९५०. त्यातल्या दोनशे शेतात तरी असतात, किंवा घरातून ‘तुला काय करायचंय तिकडं’ असं ऐकून बसलेल्या तरी. आल्या ७५०. त्यातल्या ७०० जणींनी आडवी बाटली निवडली, ५० जणींनी उभी. सातशे विरुद्ध पन्नास, आणि दुकान चालू राहिलं. एक मत कमी पडलं.

दारूबंदीवरच्या परिसंवादात हा हिशोब ऐकायला मिळत नाही. तिथे दोनच बाजू असतात. एक म्हणते, बंदी आणा, संसार वाचतील. दुसरी म्हणते, बंदीने काही होत नाही, चोरून पितात, महसूल तेवढा बुडतो. दोन्ही बाजूंना आपापले जिल्हे पाठ असतात. वर्धा १९७४ पासून, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ला कोरडं झालं आणि २०२१ ला पुन्हा ओलं. हे तिन्ही जिल्हे विदर्भातले. मराठवाड्यात जिल्हाभर बंदी कधी आली नाही. इथे ती गावागावाने, वॉर्डावॉर्डाने, एकेका दुकानापुरती येते. त्यामुळे इथला प्रश्न ‘बंदी हवी की नको’ एवढ्यावर मिटत नाही. बंदी लागू झाली त्या संध्याकाळपासून पुढे काय होतं, हे पाहावं लागतं.

आधी थोडं मागे जाऊ. मराठवाड्यात रस्त्याचं, पुलाचं, शाळाखोल्यांचं काम घेणाऱ्याला आजही गुत्तेदार म्हणतात. आणि दारूच्या अड्ड्याला गुत्ता. निजामाच्या राज्यात शिंदी आणि मोहाची दारू विकायचा हक्क लिलावात जायचा. बोली लावून जो हा हक्क घेई तो गुत्तेदार. आबकारी, म्हणजे दारूवरचा कर, हा हैदराबाद संस्थानाच्या तिजोरीचा मोठा खांब होता. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला तेव्हा शिंदीची झाडंही तोडली गेली. कुऱ्हाड घेऊन गेलेल्या पोरांच्या डोक्यात व्यसनमुक्ती थोडीफार असेलही, पण मुख्य नेम निजामाच्या उत्पन्नावर होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे १९५९ मध्ये इथेही लागू झाला. झाडं तोडून जे उत्पन्न बुडवायचं होतं ते मात्र नव्या सरकारकडे, नव्या नावाने, तसंच चालत आलं.

त्या कायद्याचं नाव आजही दारूबंदी कायदाच आहे, आणि ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. कागदावर महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५ रुपये. बिअर आणि वाइनला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, देशी-विदेशीला २५. देशी दारूच्या दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात दोन रुपयांचा तो कागद असतो, याची कुणी झडती घेत नाही. घ्यायला गेलं तर रांगेपेक्षा पोलीस ठाणं आधी भरेल. आणि या बंदीच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याचं नाव काय, तर राज्य उत्पादन शुल्क. एका हाताने धाड घालायची, दुसऱ्या हाताने वसुलीचं उद्दिष्ट गाठायचं. एखाद्या अधिकाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, खात्याची घडणच तशी आहे.

आता बाटलीकडे येऊ. देशीची १८० मिलीची चपटी घ्या. तिच्यात ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे सुमारे ७७ मिली, वजनात साधारण ६० ग्रॅम. डॉक्टर मंडळी १० ग्रॅम मद्यार्काला एक माप धरतात. म्हणजे एक चपटी सहा मापांची. ‘मी एकच घेतो’ म्हणणारा माणूस खरं बोलत असतो, फक्त त्याच्या एकात सहा असतात. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने शुल्क वाढवलं तेव्हा १८० मिली देशीची किमान किंमत ८० रुपये ठरली. रोज एक धरली तर वर्षाचे २९,२०० रुपये. हा आकडा कोरडवाहू सोयाबीनच्या एक-दोन एकरांतल्या निव्वळ उरलेल्या पैशाशेजारी ठेवून पाहावा. पावसाने दगा दिला त्या वर्षी तर ठेवायलाच नको.

ही दारू येते कुठून? मळीतून. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते, आणि तिच्यापासून दहा लिटरच्या आसपास मद्यार्क. ती सगळी मळी दारूत जात नाही, बरीचशी पेट्रोलमधल्या इथेनॉलला आणि उद्योगांना जाते. तरी नुसत्या मापासाठी सांगायचं तर एका टनात १३० चपट्या बसतात. कोयत्यावरचं जोडपं दिवसभरात टन-दोन टन ऊस तोडतं, मोळ्या बांधतं, गाडीत भरतं. बाजाराच्या दिवशी मुकादम खर्ची, म्हणजे वरखर्चाचे पैसे, देतो, ती बहुतेक वेळा बाप्याच्या हातात. अंग ठणकत असतं, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पुन्हा फडात उभं राहायचं असतं. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, तर घरातून निघायच्या आधीच खर्चून झालेली असते. दारूवर गेलेली खर्चीही उचलीसारखीच कामातून फेडावी लागते.

तर गावात मतदान झालं, कसंबसं एप्रिल-मेमध्ये झालं, बायका परत आलेल्या होत्या, यादी आधी साफ करून घेतली होती, ७०१ च्या जागी ७६० मतं पडली. (यादी साफ करणं हे सह्या गोळा करण्याच्याही आधीचं काम. बूथ लेव्हल अधिकाऱ्याकडे बसून मयत आणि स्थलांतरित नावांचे अर्ज भरायला दोन-तीन महिने धरावेत. हे कंटाळवाणं काम ज्या गावांनी टाळलं, त्यांचे मोर्चे मोठे झाले आणि निकाल हातचे गेले.) दुकानाला सील लागलं. पुढचा आठवडा शांततेत जातो. मग शेजारच्या गावच्या परवानाधारक दुकानातून मोटारसायकलवर एक खोकं येतं. खोक्यात ४८ चपट्या. बाटलीमागे वीस रुपये चढवले तरी खोक्यामागे ९६० सुटतात. चहाच्या टपरीच्या मागे, किराण्याच्या पोत्यांत, कधी पडक्या शाळेच्या खोलीत हे खोकं राहतं. पोलीस आले तर दारूबंदी कायद्यातली बेकायदा विक्रीची, ‘६५ ई’ची केस होते. दहा-बारा बाटल्या जप्त, दोन पंच, पंचनामा. पंच बहुतेक ठराविकच, आणि खटला उभा राहीपर्यंत त्यांना काही आठवेनासं झालेलं. माणूस संध्याकाळी परत गावात. वारंवार सापडला तर त्याच कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेता येतो, हातभट्टीवाला असेल तर एमपीडीए, म्हणजे स्थानबद्धतेचा कायदा, लावून वर्षभर आत ठेवता येतं. ही हत्यारं धारदार आहेत, पण ती उपसायला गुन्ह्यांची मालिका कागदावर लागते. त्यासाठी प्रत्येक वेळी तक्रार लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर पोहोच घ्यावी, आणि विक्रेत्याच्या नावाबरोबर त्याचा माल कोणत्या दुकानातून येतो तेही लिहावं. गावातल्या ठोक खरेदीचा माग परवानाधारकापर्यंत गेला तर त्याचा परवाना अडचणीत येतो, आणि परवान्याची भीती ही मोटारसायकलवाल्याच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

दुसरी वाट हातभट्टीची. काळा गूळ, नवसागर, नदीकाठची किंवा तलावाकाठची आडोशाची जागा. धाडीत ‘इतके लिटर रसायन नष्ट’ अशी बातमी येते. ते रसायन म्हणजे आंबवण, दारू अजून निघायची असते. हातभट्टीचा खरा धोका तिच्या घाणीत नसतो. कडकपणा वाढवण्यासाठी किंवा माल कमी पडला म्हणून कुणी औद्योगिक मिथेनॉल ओतलं की माणसं मरतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात, पूर्ण दारूबंदी असलेल्या राज्यात, तसंच झालं. मिथेनॉल पोटात गेलं की लगेच काही होत नाही, हीच फसगत. बारा ते चोवीस तास माणूस साधा झिंगलेला वाटतो. मग यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि ते आधी डोळ्यांच्या नसेला गाठतं. धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, पोटात कळा येतात, श्वास जोरजोरात चालतो. ‘उतरली नाही अजून’ म्हणून झोपवून ठेवलेला माणूस अशा वेळी सकाळी उठत नाही. दारू पिऊन दुसऱ्या दिवशी अंधुक दिसतंय असं कुणी म्हणालं, तर चहा-लिंबू करत बसू नये. मोठ्या रुग्णालयात न्यावं, आणि त्याच्याबरोबर प्यायलेल्या बाकीच्यांनाही शोधावं, त्यांना अजून काही होत नसलं तरी.

या सगळ्यावर बोलणारे बरेच आहेत. न बोललं जाणारं त्याच्या पुढे आहे.

दुकान बंद झाल्यावर गावातले बहुतेक पिणारे चिडचिडतात, शेजारच्या गावाला जातात किंवा गप्प बसतात. पण प्रत्येक गावात दहा-पंधरा माणसं अशी असतात की ज्यांना डोळा उघडला की घोट लागतो. हात इतके थरथरतात की चहाचा कप धरता येत नाही, आणि घोट घेतल्यावर थरथर थांबते. हे नुसतं मनाचं व्यसन उरलेलं नसतं, शरीराने दारू धरून आपला तोल बसवलेला असतो. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर घड्याळ सुरू होतं. पहिल्या सहा-आठ तासांत घाम, मळमळ, थरथर, झोप नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. आणि दोन दिवस उलटून तिसरा लागला की काहींना ते होतं ज्याला वैद्यकात डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. भिंतीवर साप दिसतात, अंगावर मुंग्या चालतात, मेलेली आई दारात उभी दिसते. माणूस दिवस-रात्र विसरतो, पळत सुटतो, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न मिळाला तर यात माणूस दगावतो. वेळेवर मिळाला तर हा धोका शंभरात पाचाच्याही खाली येतो.

आता हे गावात कसं दिसतं ते पाहा. दारू सोडण्याचा मराठवाड्यातला सगळ्यात जुना आणि सन्मानाचा मार्ग म्हणजे माळ घालणं. सप्ताहाच्या काल्याला महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालायची, पांडुरंगाची शपथ घ्यायची. ही ताकद थट्टेची नाही. माळेमुळे दारू सुटून पुष्कळ संसार पुन्हा उभे राहिलेले दिसतात, कारण माळ घातली की सगळा गाव साक्षीदार होतो, आणि बसायला टपरीऐवजी भजनाची जागा मिळते. पण रोज तीन-चार चपट्या पिणाऱ्याने काल्याच्या दिवशी माळ घातली तर तिसऱ्या रात्री तो ‘साप, साप’ म्हणून ओरडत अंगणात पळतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. कुणी म्हणतं, माळेला विटाळ झाला. देवऋषी बोलावला जातो, लिंबू उतरवले जातात, खांबाला बांधून ठेवतात. मग कुणीतरी जाणता म्हणतो, थोडी पाजा, उतरेल. पाजली की खरोखरच उतरतं. आणि गावाचं मत पक्कं होतं की या माणसाला दारू सोसत नाही असं नाही, दारू सोडणंच सोसत नाही. पुढच्या वेळी तो सोडायला तयार होत नाही, आणि झालाच तर त्रास आधीपेक्षा जास्त होतो. प्रत्येक तुटक्या प्रयत्नानंतर मेंदू अधिक भडकतो.

हेच पोलीस कोठडीत होतं. हेच अपघातात मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडलेल्या माणसाचं होतं: पहिले दोन दिवस शांत, तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळायला लागतो, आणि नातेवाईक म्हणतात की भुलीच्या इंजेक्शनने वेडा केला. भरती होताना ‘रोज घेतो का, किती घेतो’ या प्रश्नाला लाजेने ‘कधीमधी’ असं उत्तर दिलेलं असतं. ते एक उत्तर खरं दिलं असतं तर पहिल्या दिवसापासूनच गोळ्या सुरू झाल्या असत्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीने देशभर हाच प्रयोग कुणाला न विचारता करून टाकला. ४ मे ला दुकानं उघडली तेव्हाच्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या आणि हसले. मधल्या चाळीस दिवसांत फिट येऊन पडलेल्यांचे फोटो कुणी काढले नाहीत. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली माणसं मेली.

तिसऱ्या दिवसाची तयारी अवघड नाही, फार खर्चाचीही नाही. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी डॉक्टरने ठरवलेल्या मात्रेत सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. मात्रा माणसागणिक बदलते, शेजाऱ्याची चिठ्ठी चालत नाही. त्याच्याइतकंच महत्त्वाचं बी-वन, म्हणजे थायमिन, तेही सुईतून, कारण पिणाऱ्याच्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही. इथे खेड्यातली एक हमखास चूक घडते. अशक्त झालाय म्हणून आधी ग्लुकोजचं सलाईन लावतात. साखर पचवायला बी-वन लागतं, ते आधीच तळाला गेलेलं असतं, उरलंसुरलं संपतं आणि माणूस अधिक गोंधळतो, डोळे एका जागी ठरत नाहीत, पाय लटपटतात. काहींची आठवण मग कायमची जाते. आधी बी-वन, मग ग्लुकोज, एवढं घरच्यांना पाठ असलं तरी सलाईन लावणाऱ्याला विचारता येतं. फिट आली तर कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, चप्पल-कांदा हुंगवत बसू नये. खोलीत दिवा चालू ठेवावा, ओळखीचा एकच माणूस जवळ असावा, गर्दी नको. दोरीने बांधणं सगळ्यात वाईट.

आणि चोरून औषध देणं तर नकोच. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या असतात. त्या पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम असतं. हे औषध खोटं नाही. नीट समजावून, संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावर सुरू केलं तर काहींना त्याचा मोठा आधार होतो. पण आमटीत कालवून दिलं आणि त्याने वर दारू घेतली, की चेहरा लालभडक, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, आणि हृदय अशक्त असेल तर मृत्यू. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. बाई बिचारी नवऱ्याला वाचवायला निघालेली असते आणि पंचनाम्यात तिच्यावरच संशय येतो.

डॉक्टर कुठे मिळणार, हा मराठवाड्याचा खरा प्रश्न. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. या बाजूला एकही नाही. आधार म्हणजे जिल्हा रुग्णालयांतले मानसोपचार विभाग आणि संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्यांसाठी खासगी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. त्यातली काही चांगली आहेत, काही नुसते कोंडवाडे. पैसे भरण्याआधी विचारावं: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का, पहिले पाच दिवस डॉक्टर रोज येतो का आणि त्याचं नाव काय, फिट आली तर कुठे नेता, घरच्यांना कधी भेटू देता. ‘महिनाभर भेटायला यायचं नाही’ हे उत्तर मिळालं तर गाडी वळवावी.

दारू सोडून बाकीच्या नशांकडे पाहिलं की कायद्याची फूटपट्टी आणि शरीराची फूटपट्टी किती वेगळ्या आहेत ते दिसतं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आला, भांग मात्र बाहेर राहिली, कारण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, नुसती पानं नव्हेत. म्हणून कापसात, तुरीत, उसात लावलेली झाडं पोलीस उपटतात तेव्हा मुळं-माती-पानांसकट केलेलं वजन कोर्टात टिकत नाही, वकील तिथेच बोट ठेवतो. कायद्याच्या भाषेत एक किलोपर्यंतचा गांजा अल्प, २० किलोच्या वर व्यापारी, आणि व्यापारी म्हटलं की किमान १० वर्षं. गांजाने पोरं बिघडतात, काहींना भ्रमाचा आजार होतो, हे खरं. पण गांजा एकदम तुटल्याने कुणी तिसऱ्या रात्री मरत नाही. दारूने मरतो, जी परवान्यावर मिळते.

आणि ‘बटन’नेही मरतो. छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्यांत झोपेच्या गोळ्यांना हे नाव आहे: नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम. दहा-पंधरा रोज घेणाऱ्या पोराला पकडून कोठडीत टाकलं की फिटा येतात, दारूवाल्यासारख्याच. या गोळ्या आठवड्या-आठवड्याने उतरवाव्या लागतात. २०१४ पासून त्या एच-वन यादीत आहेत, म्हणजे औषध दुकानदाराने रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं. ते रजिस्टर नियमाने तपासलं तर रस्त्यावर छापे घालायची निम्मी धावपळ वाचेल असं मला वाटतं. त्याऐवजी वजनाचा घोळ चालतो. अल्प्राझोलामची अल्प मर्यादा ५ ग्रॅम. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्यांत शुद्ध औषध मोजलं तर ५ ग्रॅमला दहा हजार गोळ्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मिश्रणाचं एकूण वजन धरा. तसं धरलं तर शंभर मिलिग्रॅम वजनाच्या पन्नास गोळ्यांतच मर्यादा संपते. स्वतःपुरत्या गोळ्या बाळगणारा पोरगा एका झटक्यात मोठ्या कलमाच्या दाराशी. त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे. अल्प प्रमाणासाठी पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. हे कलम आरोपीच्या बापाला कुणी सांगत नाही.

एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेच्या पावडरची, गोष्ट वेगळी, ती पुरवठ्याचीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संभाजीनगरात अडीचशे कोटींचा माल पकडला गेला, आणि २०२५ मध्ये तुळजापूरच्या प्रकरणाने तर देवीच्या दारातच हा विषय आणून ठेवला. तिथे कडक हात हवाच, त्यात दुमत असायचं कारण नाही. गुटख्याचं म्हणाल तर २०१२ पासून बंदी आहे, दरवर्षी नवा आदेश निघतो, आणि मसाला एका पुडीत व जर्दा दुसऱ्या पुडीत असा तो सुखाने विकला जातो. तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी झाली की पानपट्टी सोडून दवाखाना गाठायची वेळ आलेली असते, एवढंच इथे.

नशेचं सामाजिक नुकसान म्हणतात ते बहुतेक वेळा कागदावर एका शब्दात उतरतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाखाची मदत मिळायची की नाही, हे पात्र-अपात्रच्या शेऱ्यावर ठरतं, आणि जबाबात ‘दारूच्या आहारी गेला होता’ हे वाक्य आलं की कर्ज आणि नापिकी मागे पडायला वेळ लागत नाही. अपघात विम्याच्या योजनेतही नशेत झालेला अपघात बाद. म्हणजे पिणारा गेला, आणि त्याच्या पिण्याची शिक्षा त्याच्या बायकोने भोगायची. थोरलीचं लग्न दहावीच्या आधी उरकलं जातं, धाकट्याच्या हाती कोयता येतो. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या बायका हे सगळं समोर ठेवून बोलत असतात. त्यांना ‘महसूल बुडेल’ हे उत्तर देणाऱ्याने एकदा तरी त्यांच्याच ओट्यावर बसून द्यावं.

माझं म्हणणं त्या बायकांच्याच बाजूचं आहे. जवळचं दुकान बंद झालं, किंमत वाढली, की एकूण पिणं कमी होतं. नवी पोरं उशिरा सुरू करतात, पहाटेचा घोट चार किलोमीटर लांब जातो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती मोहिमेने गावबंदीला तालुक्याच्या दवाखान्याची जोड दिली ती याचसाठी. पण मतदानाचा अर्ज भरताना त्याच बैठकीत त्या दहा-पंधरा माणसांची यादीही व्हायला हवी. आशाताईला ती नावं आधीच ठाऊक असतात. निकालाच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनच्या सुया आहेत का पाहायचं, डॉक्टरला तारीख सांगायची, ज्यांना पूर्वी फिट आली आहे त्यांना आधीच अंबाजोगाईला किंवा जिल्ह्याला नेऊन ठेवायचं. भजनी मंडळालाही सांगून ठेवायचं की माळ घालणाऱ्याला आधी दवाखाना दाखवा, मग काला.

निकाल साधारण संध्याकाळी लागतो. गुलाल उधळतात, हलगी वाजते, बायका फुगड्या घालतात. तिथून मोजलं तर तिसरी रात्र बहुतेक कोरडी आणि शांत असते, आणि एखाद्या घरात कुणीतरी भिंतीकडे बोट दाखवून ओरडायला लागतं. अशा वेळी १०८ ला फोन लावताना ‘बाहेरचं झालंय’ किंवा ‘येड्यासारखं करतोय’ असं सांगू नये. ‘रोज पिणारा माणूस आहे, दारू बंद होऊन तिसरा दिवस आहे, साप दिसतात म्हणतो, अंग तापलंय’ एवढं सांगावं. रात्री फोन कुणाला करायचा हेच सुचत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दोन क्रमांक ओट्याच्या भिंतीवर, आडव्या बाटलीच्या चित्राशेजारीच, गेरूने लिहून ठेवता येतात.